पुडीभर गांजा, वर्षभर तुरुंग

गांजाची वकिली करतो म्हणून उद्या कुणी अंगावर येईल, त्यामुळे आधीच लिहून ठेवतो. मी गांजा ओढत नाही. ओढणाऱ्यांच्या संगतीत मला करमत नाही. इस्लाममध्ये नशा हराम आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं आहे की, स्वतःपुरता गांजा खिशात बाळगणाऱ्या माणसाला अटक करणं, कोठडीत टाकणं आणि त्याच्या नावावर जन्मभराचा शिक्का मारणं हा सरळसरळ अन्याय आहे. ही शिक्षा कायद्यातून काढून टाकली पाहिजे. आणि ही मागणी करताना मुस्लिम समाजाने तोंड लपवायचं काही कारण नाही. किंबहुना त्यानेच आधी बोलायला हवं.

आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोनच प्रकारचे लोक दिसतात. एक, इंग्रजीत लिहिणारे शहरी लोक, ज्यांना गांजा म्हणजे स्वातंत्र्याचा मामला वाटतो. दुसरे, ‘नशामुक्त समाज’चे फलक धरून पोलीस निरीक्षकांसोबत फोटो काढणारे. या दोघांच्या मधे तो पोरगा उभा आहे, ज्याला खरोखर पकडलं जातं. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. पकडणाऱ्यांनीही किती वाचलाय, देव जाणे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात, त्याच्या कलम २०मध्ये गांजाची शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, वीस किलोपासून पुढं ‘व्यापारी प्रमाण’ आणि मधलं सगळं मधलं. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला किमान दहा, कमाल वीस वर्षं. या वजनाच्या पायऱ्या २००१च्या दुरुस्तीत आल्या. तेव्हा अल्प प्रमाणाची शिक्षा सहा महिने होती. २०१४ साली संसदेने ती दुप्पट केली. त्या दुरुस्तीवर कुणी रस्त्यावर उतरल्याचं मला आठवत नाही. आपणही नाही उतरलो.

आता गंमत बघा. कलम २७ प्रमाणे गांजाचं सेवन केलं तर सहा महिने. जवळ बाळगला तर एक वर्ष. म्हणजे ज्याने ओढून संपवला त्याला कमी शिक्षा आणि जो अजून ओढायचा आहे त्याला दुप्पट. पाच ग्रॅमवाला आणि नऊशे ग्रॅमवाला एकाच रांगेत. नऊशे ग्रॅम गांजा कुणी एकट्याने ओढायला घेऊन फिरत नाही, हे कुठल्याही हवालदाराला कळतं. पण कायद्याला ‘हा गिऱ्हाईक आहे की विकणारा’ हा प्रश्नच तिथं पडत नाही. तो फक्त तराजू पाहतो.

आणि गांजा म्हणजे काय, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. कॅनाबिस झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा. त्याच झाडाची पानं फुलोऱ्याशिवाय असतील तर ती गांजा नाहीत. म्हणून भांग या केंद्रीय कायद्यातून सुटते. आपल्या राज्यात भांगेला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो ती गोष्ट वेगळी, पण पानासाठी कुणी दहा वर्षं आत जात नाही. महाशिवरात्रीची भांग सुटली याचं मला दुःख नाही. उलट सरकार शहाणं असू शकतं, याचा हा पुरावा आहे. लोकांची जुनी सवय आहे, श्रद्धा जोडलेली आहे, तिला तुरुंगाने हात लावू नये, एवढं भान १९८५च्या संसदेला होतं. मग हेच भान वीतभर वरच्या फुलोऱ्यापाशी का संपलं? साधूची चिलीम आणि दर्ग्याबाहेरच्या मलंगाची चिलीम दोन्ही या देशात शेकडो वर्षं पेटत आलेल्या आहेत. कुंभमेळ्यात ती पेटते तेव्हा छायाचित्रकार गोळा होतात. भिवंडीच्या यंत्रमागाच्या गल्लीत पेटते तेव्हा बीट मार्शल येतात.

इंग्रजांनाही हा प्रश्न पडला होता. १८९३ साली त्यांनी ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. देशभर फिरून अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या. डॉक्टर, तहसीलदार, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, मिशनरी, साधू, सगळ्यांना विचारलं. गांजाने लोक वेडे होतात, ही समजूत तेव्हाही होती. आयोगाने इस्पितळांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांत ‘कारण : गांजा’ हे शब्द कसे डोळे मिटून लिहिले जातात ते दाखवून दिलं. १८९४चा निष्कर्ष असा की, माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि सरसकट बंदीची गरज नाही. कर लावा, परवाने द्या, लक्ष ठेवा. तेव्हा मुंबई इलाख्यात गांजाचं पीक परवान्याने घेतलं जाई आणि त्यातला मोठा वाटा अहमदनगर जिल्ह्याचा असे. हो, आजचं अहिल्यानगर. इंग्रज काही आपल्या भल्यासाठी हे करत नव्हते, त्यांना महसूल हवा होता. पण निदान विचारून, मोजून त्यांनी निर्णय केला. आपल्या संसदेने १९८५मध्ये ऑगस्टच्या अखेरीला विधेयक घेतलं, सप्टेंबरच्या मध्याला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा सर्वसामान्य वापर बंद करायला दिलेली पंचवीस वर्षांची मुदत संपत आली होती, अमेरिकेचा दबाव होता. इतक्या घाईत आलेला कायदा आज चाळीस वर्षं गरिबांच्या पोरांच्या मानेवर बसलाय.

त्या कराराचं ओझं आपण अजून सांगत असू तर एक ताजी गोष्ट सांगतो. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढायचं की नाही, यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५ने प्रस्ताव मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. आणि त्याच वर्षी आपल्याकडच्या वाहिन्या कुठल्या नटीच्या मोबाइलमध्ये ‘माल’ हा शब्द सापडला यावर रात्रीचे तास घालवत होत्या.

आता पकडलं कोणाला जातं, या मुद्द्यावर येतो. मला खरा राग आहे तो इथं.

एनडीपीएसच्या कलम ४२ प्रमाणे पोलिसाला घरात घुसायचं असेल तर मिळालेली माहिती लिहून ठेवावी लागते, ती बहात्तर तासांत वरिष्ठाला पाठवावी लागते, सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय जायचं असेल तर कारणं नोंदवावी लागतात. हे संरक्षण घराला आहे. कलम ४३ सार्वजनिक जागेचं. रस्ता, मैदान, बस, हॉटेल. तिथं यातलं काही लागत नाही. कायदा सगळ्यांना सारखा आहे, असं आपण म्हणतो. पण ज्याच्याकडे दार लावून घेता येईल अशी खोली आहे, त्याच्यासाठी एक कायदा आणि ज्याच्या दहा बाय दहाच्या घरात सात माणसं झोपतात, म्हणून जो रात्री मैदानाच्या भिंतीला टेकून बसतो, त्याच्यासाठी दुसरा. हे कायद्यात कुठं जातधर्म पाहून लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही. कोण मैदानात बसतं ते शहर ठरवून ठेवतं.

माझ्या ओळखीतला एक मुलगा सांगतो. गावाचं नाव देत नाही, ते घर अजून तिथंच आहे. एकोणीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. कारखान्याच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर तिघं बसले होते, याच्या खिशात वीस-बावीस ग्रॅमची पुडी सापडली. रात्र ठाण्यात काढली. घरच्यांना निरोप मिळाला तो सकाळी, चहावाल्याकडून. पुढं जे झालं ते अशा केसेसमध्ये रोज होतं. रासायनिक अहवाल यायला महिने लागतात, तोवर तारखा. तारखेला गेलं की रोज बुडतो. पाच-सहा तारखांनंतर कुणीतरी शहाणपण शिकवलं, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ त्याने कबूल केलं, दंड भरला, मोकळा झाला. घरात सगळ्यांना वाटलं संपलं. तीन वर्षांनी कतारमध्ये एसी दुरुस्तीचं काम मिळत होतं. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज केला आणि तिथं ती जुनी शिक्षा वर आली. काम गेलं. त्याची आई मला म्हणाली, “भाईजान, चोरी करता तो मैं खुद पकडके देती थी. पर ये किसका क्या लिया?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर तिला द्या.

दंड किती होता, हा प्रश्नच नाही. शिक्षा दंडाची नव्हती. शिक्षा कागदाची होती. कोकणात, मराठवाड्यात, मालेगावात आखाती नोकरी हा ज्या घरांचा एकमेव वरचा जिना आहे, तिथं हा कागद काय करतो, ते मुंबईत बसून ‘किरकोळ शिक्षा’ म्हणणाऱ्यांना कळणार नाही.

आणि किरकोळ म्हणावं तर या किरकोळ गुन्ह्यात जामीन हक्काने मिळतो की नाही, हेसुद्धा धड ठरलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयात २०१० साली एका निकालात अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र मानला गेला. २०२०च्या दुसऱ्या निकालात या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं म्हटलं गेलं. वकिलांना वाद घालायला हे छान आहे. कोठडीतल्या पोराला नाही.

तुरुंगांचे आकडे नवे नाहीत. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. तुरुंगांत त्यांचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त राहत आलंय. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी राज्यातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं, आणि बहुतेकांचा संघटित गुन्हेगारीशी संबंध नाही हेही दिसलं. हे सगळे गांजामुळे आत आहेत, असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे की, पोलिसाला रस्त्यावर कुणाचाही खिसा तपासायचं निमित्त देणारा कायदा असेल तर ते निमित्त कुठल्या वस्तीत जास्त वापरलं जाईल, याचा अंदाज यायला संशोधन लागत नाही. अमेरिकेत काळे आणि गोरे जवळजवळ सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, पण बाळगल्याबद्दल काळ्यांना अटक होण्याची शक्यता साडेतीन पटींहून अधिक आहे, हे तिथल्या नागरी हक्क संघटनेने पोलिसांच्याच आकड्यांवरून दाखवलं. आपल्याकडे असे आकडे धर्म-जातवार कुणी काढत नाही. काढायला घाबरतात, असं मला वाटतं.

मुसलमान नावाचं इथं आणखी एक झेंगट आहे. २०२१ साली केरळमधल्या एका बिशपांनी ‘नार्कोटिक जिहाद’ हा शब्द काढला. त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबईत क्रूझचं प्रकरण झालं. आर्यन खानकडे काही सापडलं नाही. मित्राजवळ सहा ग्रॅम चरस सापडल्याचा दावा होता. सहा ग्रॅम. चरसचं अल्प प्रमाण शंभर ग्रॅमपर्यंत आहे. तरी शाहरुख खानचा मुलगा, देशाचा माजी अ‍ॅटर्नी जनरल उच्च न्यायालयात उभा करण्याची ऐपत असलेला, ३ ऑक्टोबरला अटक होऊन ३० ऑक्टोबरला बाहेर आला. मे २०२२मध्ये तपास यंत्रणेनेच त्याला आरोपपत्रातून वगळलं. या प्रकरणावर आपल्या लोकांनी भरपूर हळहळ व्यक्त केली, स्टेटस ठेवले. मला त्या हळहळीचा कंटाळा येतो. ज्याच्यासाठी वकिलांची फौज होती त्याला सव्वीस-सत्तावीस दिवस लागले, तर गॅरेजवाल्या पोराचं काय, हा पुढचा प्रश्न त्या स्टेटसमध्ये कुठं नव्हता.

याच मुंबईतली दुसरी गोष्ट कुणाला आठवत नाही. २००८ साली इथल्या विशेष न्यायालयाने एका काश्मिरी माणसाला चरसच्या प्रकरणात फाशी सुनावली. आधीची शिक्षा होती, दुसऱ्यांदा सापडला, आणि कलम ३१-अ प्रमाणे अशा वेळी न्यायाधीशाला फाशीशिवाय पर्यायच नव्हता. जून २०११मध्ये उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. अमली पदार्थांसाठी सक्तीची फाशी रद्द करणारं ते जगातलं पहिलं न्यायालय मानलं जातं. चरसच्या ढिगासाठी का होईना, एका झाडाच्या चिकासाठी या देशाने माणसाला फासावर द्यायची तयारी केली होती. या कायद्याचा स्वभाव कळायला एवढं पुरे.

आता माझ्या स्वतःच्या लोकांकडे वळतो. मशिदीत, इज्तेमात, मोहल्ला कमिटीच्या बैठकीत मी ऐकत आलोय : ‘नशा करणाऱ्यांना पोलिसांच्या हवाली करा, आम्ही सोडवायला येणार नाही.’ टाळ्या पडतात. बोलणाऱ्याला वाटतं आपण दीनची बाजू घेतली. मला तसं वाटत नाही.

हराम असणं आणि तुरुंगाची शिक्षा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या फिकहला हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. गांजा-हशीशचं नाव कुरआनात नाही. नशा आणणारं ते सगळं खम्र, या हदीसच्या आधारे उलेमांनी ते हराम ठरवलं, आणि बरोबरच ठरवलं. पण शिक्षेवर त्यांच्यात एकमत नव्हतं. इब्न तैमियांसारख्यांनी दारूचीच हद्द लावावी म्हटलं, इतर अनेकांनी ती ताजीरची, म्हणजे काझीच्या विवेकाची बाब मानली. समज देणं हीसुद्धा ताजीर असू शकते. व्याजाबद्दल कुरआनात जेवढी कडक भाषा आहे तेवढी क्वचितच कशाबद्दल असेल. मग हप्त्यावर फ्लॅट घेणाऱ्या कमिटीच्या सदस्याला पोलिसांच्या हवाली करा, असं कुणी जुम्याला म्हणत नाही ते का?

बुखारीत एक प्रसंग आहे. दारू पिण्याबद्दल वारंवार आणल्या जाणाऱ्या एका माणसाला कुणीतरी शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला अडवलं. त्या माणसाचं अल्लाह आणि रसूलवर प्रेम आहे, असं सांगितलं. सुरह हुजुरातमध्ये दुसऱ्यांच्या खासगी गोष्टींची टेहळणी करण्याची मनाई आहे. हजरत उमरांबद्दल सांगतात, ते एका घराची भिंत चढून आत गेले, आतला माणूस पीत बसला होता. त्याने खलिफालाच सुनावलं की माझा गुन्हा एक आणि तुमचे तीन : टेहळणी केली, दाराने आला नाहीत, परवानगी घेतली नाही. आणि खलिफा माघारी गेले. ज्या परंपरेत खलिफा भिंतीवरून परत फिरतो, त्या परंपरेचे लोक रस्त्यात पोराचा मोबाइल उघडून चॅट वाचणाऱ्या शिपायाला शाबासकी देतात, याची मला लाज वाटते.

नुकसान होत नाही, असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्या पोराची शाळा सुटते, स्मरण बिघडतं, काहींना मानसिक आजार होतो. ज्यांच्या घरात असं झालंय, त्यांना मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. पण आकड्यांचं प्रमाणही पाहा. एम्सच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात वर्षभरात भांग, गांजा, चरस यांपैकी काहीतरी घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख आहेत. त्यातल्या सुमारे ७२ लाखांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. दारू पिणारे १६ कोटी, मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाख. त्या दारूवर राज्य सरकार हजारो कोटींचा महसूल घेतं. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, तो एका दिवसासाठी पाच रुपयांत मिळतो, आणि परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी कितीजण तो दाखवू शकतील हे सांगायची गरज नाही. परवान्याशिवाय पिणारे हे सगळे कायद्याने गुन्हेगारच आहेत. त्यांना बेड्या घाला, अशी माझी मागणी नाही. त्यांना दिलेली सूट मैदानातल्या पोराला द्या, एवढीच आहे.

कुणी म्हणेल, कायद्यात उपचाराची सोय आहे. आहे. कलम ६४-अ. अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ प्रमाणे न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. कागदावर चांगलं आहे. पण आरोपीला हे सांगतं कोण? कबूल कर म्हणणारा सांगत नाही. मान्यताप्राप्त केंद्र अनेक तालुक्यांत नाहीच. आणि यात एक विचित्र गाठ आहे. सवलत व्यसन्याला आहे. महिन्यातून एकदा ओढणारा, ज्याला व्यसन नाही, त्याला ही सवलत नाही. म्हणजे सुटायचं असेल तर आधी रोज ओढायला लागा.

पोलीस म्हणतात, पुडीवाल्याला सोडलं तर विकणाऱ्यापर्यंत पोहोचायचं कसं? चाळीस वर्षं पुडीवाल्यांना पकडून विकणाऱ्यांपर्यंत किती पोहोचलात, हा माझा उलट प्रश्न आहे. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून ट्रक येतातच. शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात कपाशीच्या आड गांजा दरसाल उगवतोच. आणि या काळात खरं विष दुसरंच आलं. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून मेफेड्रोनचा, म्हणजे पोरं ज्याला ‘एमडी’ म्हणतात त्याचा, प्रचंड साठा पकडला. एमडीने उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिलीत. ती गांजाची कथा नाही. मुंबईत सेवनाच्या केसेस दरवर्षी हजारोंनी होतात. प्रत्येकीत पंचनामा, पंच, नमुना, प्रयोगशाळा, आरोपपत्र, तारखा. हे मनुष्यबळ कारखान्यांच्या मागे लावा ना. पण कारखान्याच्या मालकाला पकडायला महिने लागतात आणि मैदानातल्या पोराला पकडायला दहा मिनिटं. महिनाअखेरीच्या तक्त्यात दोन्ही एकेकच मोजले जातात.

पोर्तुगालने १ जुलै २००१पासून दहा दिवसांच्या वापराइतका कुठलाही अमली पदार्थ बाळगणं गुन्हा राहू दिलं नाही. प्रकरण न्यायालयाऐवजी एका छोट्या समितीसमोर जातं, तिथं वकील आणि समाजसेवक असतात. विकणं आजही गुन्हाच आहे. देश बुडाला नाही. जर्मनीने एप्रिल २०२४पासून प्रौढांना २५ ग्रॅमची मुभा दिली. पण माझ्या वाचकांना यापेक्षा मोरोक्कोचं उदाहरण पटेल. मुस्लिम देश, राजा स्वतःला अमीरुल मोमिनीन म्हणवतो. त्यांनी २०२१मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी शेती कायदेशीर केली, आणि ऑगस्ट २०२४मध्ये राजाने गांजाच्या बेकायदा शेतीत अडकलेल्या सुमारे ४८०० गरीब शेतकऱ्यांना माफी दिली. तिथं ओढणं आजही बेकायदा आहे. तरी गरिबाला धरून ठेवण्यात काही हशील नाही, एवढं त्या अमीरुल मोमिनीनला कळलं.

आपल्या सरकारलाही हे कळत नाही असं नाही. २०२१मध्ये, क्रूझ प्रकरणाचा धुरळा उडत असतानाच, केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने महसूल विभागाला सुचवलं होतं की, स्वतःपुरत्या अल्प प्रमाणाला गुन्ह्यातून वगळावं आणि अशा लोकांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावं. बातम्या आल्या. मग संसदेची अधिवेशनं आली आणि गेली. पतियाळाचे डॉक्टर खासदार धर्मवीर गांधी यांनी खासगी विधेयकाचा प्रयत्न केला होता, त्याचंही काही झालं नाही. महाराष्ट्राच्या एकाही मुस्लिम आमदाराने या विषयावर सभागृहात तोंड उघडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उघडलं तर ‘गांजेकसांचा आमदार’ म्हणतील, ही भीती. वक्फ, आरक्षण, लाउडस्पीकर यावर बोलणं सोपं आहे, तिथं टाळ्या असतात.

माझी मागणी छोटी आहे. एक किलोची ती हास्यास्पद रेषा मोडा आणि त्याखाली खरोखरच्या वापराची रेषा आखा, पन्नास ग्रॅम म्हणा, डॉक्टरांना विचारून ठरवा. तिच्या आत अटक नको, गुन्ह्याची नोंद नको. माल जप्त करा, हवा तर वाहतुकीच्या पावतीसारखा दंड लावा, अल्पवयीन असेल तर पालकांना आणि समुपदेशकाला बोलवा. कलम २७मधून गांजाचं सेवन काढा. आणि याआधी ज्यांनी एवढ्याशा मालासाठी दंड भरलाय, त्यांच्या नोंदी पुसा. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्रीय कायद्याखाली केवळ गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना सरसकट माफी दिली. आपल्या राष्ट्रपतींना आणि राज्यपालांनाही माफीचा अधिकार घटनेने दिलेला आहे.

हे दिल्लीत होईल तेव्हा होईल. तोवर जमातच्या जिम्मेदारांनी मशिदीच्या फळ्यावर, जिथं नमाजच्या वेळा लिहितात त्याच्या खाली, एवढं तरी लिहावं : अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या म्हणण्याचा हक्क कलम ५०ने दिला आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. वकिलाशी बोलल्याशिवाय ‘कबूल’ म्हणू नका. आणि खाली जमातमधल्या एखाद्या वकिलाचा मोबाइल नंबर, जो रात्री दोन वाजताही उचलला जाईल.